दंडवत्यांना पाडलंत कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गाव कणकवलीजवळ म्हटलं की ठरलेला प्रश्न येतो: मधु दंडवत्यांसारखा माणूस तुम्ही लोकांनी 1991 साली पाडलात कसा? हे 'तुम्ही लोकांनी' फार टोचतं. आधीचे खासदार नाथ पै गेल्यावर 1971 पासून सलग पाच वेळा आम्हीच त्यांना आमच्या राजापूर मतदारसंघातून लोकसभेत पाठवलं होतं. आम्हाला माणसं कळत नाहीत असं म्हणू नका.

राजीव गांधींच्या हत्येला महिनाही झाला नव्हता, लाट होती, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. ते खोटं नाही. पण मी काही लाटेत वाहिलो नव्हतो. एकोणीस वर्षांचा होतो, पहिलंच मत, आणि ते मी विचार करून नानांच्या, म्हणजे दंडवत्यांच्याच, विरोधात दिलं.

नाना 1977 साली रेल्वेमंत्री झाले. सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम त्यांनी घातला, आणि त्यांच्याच मतदारसंघात रुळाचा तुकडा नव्हता. आम्ही रात्रभर एसटीत ओकत मुंबई गाठायचो. 1990 साली ते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. आमच्या दारात त्यातलं काय पोचलं होतं? कलमांच्या बागेत मोजणीवाल्यांनी ठोकलेल्या खुंट्या.

निकालाच्या दिवशी अण्णा पडवीत रेडिओ कानाला लावून बसले होते. सेवादलातला माणूस, नानांच्या प्रत्येक निवडणुकीत वाडीवाडी पायाखाली घातलेली. बातम्या संपल्यावर त्यांनी रेडिओतले सेल काढले आणि एकेक करून खिडकीत ठेवले.

"तू मत कोणाक दिलंस?"

"नानांक."

"मगे पडले कशे?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो अण्णांनी.

वीस वर्षं खासदार असलेल्या माणसाला जाब विचारायचा त्या पोराला हक्क होता, हे मी आजही म्हणतो. 1998 साली गाडी पूर्ण मार्गावर धावायला लागली, बाग गेली तिथूनच ती जाते, आणि बर्थवर पाठ टेकली की तो हक्क बजावल्याचा मला काहीच आनंद होत नाही, हेही खरं. मग खोटं का बोललास, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

12 नोव्हेंबर 2005 ला नाना गेले. इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दिला. अण्णांचा गावाहून फोन आला. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत, नुसता श्वास ऐकू येत होता. तेव्हा सांगता आलं असतं. मी जेवलात का, एवढंच विचारलं.