डॅन्यूबकाठची सायकलवाट: पासाऊ ते व्हिएन्ना, आणि काठ निवडण्याचा प्रश्न

जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत जाणाऱ्या डॅन्यूबकाठच्या सायकलवाटेबद्दल कोणी विचारले, की मी अंतर आणि मुक्काम यांच्या आधी काठांबद्दल बोलते. या सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासच्या प्रवासात बहुतेक ठिकाणी नदीच्या दोन्ही तीरांनी सायकल जाते. मात्र एका काठावर मोटारींचा आवाज दिवसभर सोबत करतो आणि समोरच्या काठावर तासभर एकही मोटार दिसत नाही, असे कित्येक टप्प्यांत घडते. नकाशावर दोन्ही बाजूंना सारखीच रेघ असल्यामुळे हा फरक आधी कळत नाही. पहाटे निघून, मोटारींची वर्दळ सुरू होण्याआधी मुळशी किंवा पानशेतच्या रस्त्यावरून परत फिरण्याची सवय असलेल्या पुण्याच्या सायकलस्वाराला भर दुपारीही शांत राहणाऱ्या डांबरी वाटेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच कोणत्या टप्प्यात कोणता काठ धरावा, हे इथे सविस्तर लिहीत आहे. डावा आणि उजवा काठ म्हणताना नदी ज्या दिशेने वाहते त्या दिशेला तोंड केले आहे, असे समजावे. आपणही त्याच दिशेने जाणार आहोत, कारण वारा बहुधा पश्चिमेकडून येतो आणि पाठीवर घेता येतो. उताराचा लाभ मात्र फारसा जाणवत नाही, कारण एवढ्या अंतरात नदी जेमतेम दीडशे मीटर खाली उतरते.

इतकी सपाट आणि नदीला इतकी लगटून जाणारी वाट सायकलींसाठी मुद्दाम आखलेली नव्हती. वाफेवर चालणारी जहाजे एकोणिसाव्या शतकात येण्यापूर्वी मालाने भरलेल्या नावा प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने घोड्यांकडून ओढून नेल्या जात, आणि मोठ्या तांड्याला कित्येक घोडे जुंपलेले असत. त्या घोड्यांसाठी पाण्याच्या अगदी कडेने वाट राखावी लागे. घोडे गेले, वाट मात्र काठाच्या आणि जलमार्गाच्या देखभालीसाठी टिकली. आपल्याकडे कालव्याच्या कडेने पाटबंधारे खात्याचा रस्ता असतो, तसाच तिचा दर्जा आहे: देखभालीची गाडी जाईल, इतर मोटारींना बंदी. 1980 च्या दशकात या वाटा डांबरी करून, एकमेकींना जोडून, त्यांवर सायकलमार्गाच्या पाट्या लावण्यात आल्या, आणि आज हा मार्ग अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोवेलो 6’ या लांब पल्ल्याच्या मार्गाचा भाग आहे. जिथे ही जुनी वाट शिल्लक आहे तिथे शांतता आहे, आणि जिथे मोटाररस्ता बांधताना ती गिळली गेली तिथे सायकलला त्या रस्त्याच्या कडेने जावे लागते. काठांमधल्या फरकाचे मूळ बहुतांशी यातच आहे.

पासाऊ हे बव्हेरियातले गाव डॅन्यूब, इन् आणि इल्त्स या तीन नद्यांच्या संगमावर वसले आहे. निघण्यापूर्वी तिथल्या नगरभवनाच्या भिंतीवर कोरलेल्या पुराच्या खुणा पाहून घ्याव्यात. जून 2013 मध्ये पाणी 12.89 मीटरच्या पातळीला पोहोचले होते, आणि त्याहून मोठा पूर शोधायला 1501 पर्यंत मागे जावे लागते. या वाटेवर पुढे जे बंधारे, भिंती आणि उंच बांध दिसतात त्यांचा अर्थ त्या खुणा पाहिल्यावर नीट कळतो.

पासाऊ सोडल्यावर दरी अरुंद होत जाते आणि श्लोगेनजवळ कठीण खडकाने अडवलेली नदी जवळजवळ उलट फिरते. या वळणाभोवती दोन्ही बाजूंना दाट जंगलाचे उतार थेट पाण्यात उतरतात, आणि डाव्या काठावर तर मधल्या एका तुकड्यात सायकल नेण्याजोगी वाटच नाही. तिथे आऊ नावाच्या वस्तीपासून एक छोटी नाव सायकलींसह माणसांना नदीच्या लांबीने खाली ग्राफेनाऊपर्यंत नेऊन सोडते. माझी पसंती मात्र उजव्या काठाला आहे. श्लोगेन ते इन्त्सेल आणि तिथून पुढे आशाखच्या दिशेने जाणारी उजव्या काठाची वाट हा संपूर्ण मार्गातला सर्वांत शांत भाग आहे, असे माझे ठाम मत आहे. तिथे मोठा रस्ता नाही, रेल्वे नाही, गावे म्हणजे चार घरे आणि एखादे उपाहारगृह. तुरळक येणारी मोटार ही त्या घरांतल्या रहिवाशांची असते. सायकल खाली ठेवून अर्धा-पाऊण तास डोंगर चढण्याची तयारी असेल, तर श्लोगेनच्या वरच्या माथ्यावरून नदीचे ते पूर्ण वळण एका नजरेत दिसते.

आशाखनंतर दरी उघडते आणि वाट धरणांच्या बांधांवरून, शेतांच्या बाजूने जाते. ओटन्सहाइम ते लिंट्स या भागाबद्दल थोडक्यात सांगायचे तर डाव्या काठाची सायकलवाट स्वतंत्र आणि सुरक्षित आहे, पण ती वर्दळीच्या महामार्गाला चिकटून जाते. तो तुकडा लवकर पार करावा, यापलीकडे त्यात काही नाही.

लिंट्सच्या पुढे डाव्या काठावर माउटहाउझेन लागते. 1938 पासून 1945 पर्यंत इथे नाझींची छळछावणी होती. या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे 1,90,000 माणसे डांबली गेली आणि त्यांतली किमान 90,000 मारली गेली. ग्रॅनाइटची खाण, तिच्यातून दगड पाठीवर घेऊन कैद्यांना चढायला लावलेल्या 186 पायऱ्या, आणि वरची स्मृतिस्थळाची इमारत हे सारे सायकलवाटेपासून थोड्याच अंतरावर, खड्या चढावर आहे. सुंदर दरीतून जाताना हा चढ टाळून पुढे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा आणि त्या दिवशी पुढचा पल्ला लांबचा ठरवू नये.

ग्राइनपासून इब्सपर्यंत नदी पुन्हा डोंगरांच्या चिमटीत शिरते. या भागातले खडक आणि भोवरे नावाड्यांच्या जिवावर उठलेले असत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते सुरुंग लावून फोडण्याचे काम सुरू झाले, आणि 1959 मध्ये पूर्ण झालेल्या इब्स-पर्सेनबॉइग वीजप्रकल्पाच्या फुगवट्याखाली उरलेसुरले भोवरे बुडाले. डाव्या काठाने जोरात वाहणारा मोटाररस्ता आहे, म्हणून इथे निःसंशयपणे उजवा काठ धरावा. ग्राइन गाव मात्र डाव्या काठावर आहे आणि तिथले 1791 चे छोटे नाट्यगृह चुकवण्यासारखे नाही. गाव पाहून होडीने किंवा पुलावरून उजवीकडे यावे आणि इब्सपर्यंत झाडांच्या सावलीतून निवांत जावे.

मेल्कच्या बेनेडिक्टाइन मठाची पिवळी, प्रचंड इमारत दुरूनच दिसू लागते. मठ 1089 पासूनचा आहे, आजची इमारत अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. मेल्क ते क्रेम्स हे पस्तीस-छत्तीस किलोमीटर म्हणजे वाखाऊची दरी. 2000 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. उन्हाकडे तोंड केलेल्या उतारांवर चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडी ताली, त्यांवर द्राक्षमळे, आणि खाली सपाटीवर जर्दाळूच्या बागा. एप्रिलमध्ये या बागा फुलतात आणि जुलैच्या मध्यावर रस्त्याकडेला ताज्या जर्दाळूंच्या पेट्या मांडलेल्या दिसतात.

काठाचा खरा पेच वाखाऊतच पडतो. पाहण्याजोगे बरेचसे डाव्या काठावर आहे: 1908 मध्ये जिथे सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची, अकरा सेंटिमीटर उंचीची स्त्रीमूर्ती सापडली ते विलेनडॉर्फ, द्राक्षमळ्यांनी वेढलेले श्पिट्स आणि वाइसेनकिर्शेन, आणि इंग्लंडचा राजा रिचर्ड याला 1192 च्या अखेरीस जिथल्या किल्ल्यात कैदेत ठेवले होते ते ड्युर्नश्टाइन. पण तिकडे मोटाररस्ताही मोठा आणि सुट्टीच्या दिवशी सायकलस्वारांची गर्दीही मोठी. उजव्या काठालाही रस्ता आहे, परंतु त्यावर वर्दळ फार कमी असते. आग्सश्टाइनच्या उंच किल्ल्याखालून, आर्न्सडॉर्फच्या जर्दाळूबागांतून रोसाट्सकडे जाताना समोरच्या काठावरची गावे आणि त्यांच्यामागचे तालींचे उतार संपूर्ण दिसतात. ड्युर्नश्टाइनमध्ये उभे राहून ड्युर्नश्टाइन दिसत नाही. ते पाहायचे तर रोसाट्सच्या बाजूने.

यावर उत्तम तोडगा म्हणजे उजव्या काठाने जाणे आणि हव्या त्या गावासाठी नावेने नदी ओलांडणे. श्पिट्स आणि आर्न्सडॉर्फ यांच्यामध्ये, तसेच वाइसेनकिर्शेन आणि सांक्ट लोरेन्त्स यांच्यामध्ये, ज्या नावा चालतात त्यांना पुढे ढकलायला इंजिन लागत नाही. दोन्ही काठांवरच्या मनोऱ्यांना नदीवरून एक जाड तारदोर ताणलेला असतो. त्यावर घरंगळणाऱ्या चाकाला नाव दोराने बांधलेली असते. नावाडी सुकाणू वळवून नाव प्रवाहाला तिरपी धरतो, तिच्या कुशीवर पाण्याचा दाब पडतो, दोर तिला वाहून जाऊ देत नाही, आणि ती सरळ पलीकडे सरकते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या इंजिनाची धडधड ज्यांच्या कानात आहे, त्यांना मोटारी आणि सायकली घेऊन नुसत्या पाण्याच्या आवाजात निघालेली ही नाव पाहून विशेष वाटेल. मात्र यासाठी प्रवाह वाहता हवा. वाखाऊतही धरण बांधून वीजप्रकल्प उभारण्याचा बेत होता. स्थानिक नागरिकांनी 1970 च्या दशकापासून त्याला चिवट विरोध केला आणि तो बारगळला. त्यामुळे या भागात डॅन्यूब आजही मोकळी वाहते.

क्रेम्ससमोरच्या माउटर्नच्या पुढे वारा, बांध आणि रुंद पाणी एवढेच बराच वेळ सोबतीला असते. या भागात सावली कमी, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी निघणे चांगले. टुल्नच्या अलीकडे उजव्या काठाची वाट त्स्वेंटेनडॉर्फच्या अणुवीजकेंद्राच्या अगदी बाजूने जाते. केंद्र बांधून तयार होते, पण 5 नोव्हेंबर 1978 रोजी झालेल्या सार्वमतात एका टक्क्याहूनही कमी फरकाने विरोधी मत निसटते वरचढ ठरले आणि ते कधीच सुरू झाले नाही.

क्लोस्टरनॉयबुर्ग ओलांडून व्हिएन्नात शिरल्यावर थेट शहराच्या मध्याकडे वळण्याऐवजी एखाद्या पुलावरून डॅन्यूबमधल्या बेटावर जावे. पूर वाहून नेण्यासाठी 1972 पासून 1988 पर्यंत नदीला समांतर दुसरे पात्र खोदले गेले आणि त्याच मातीतून एकवीस किलोमीटर लांबीचे हे बेट तयार झाले. त्यावर मोटारींना प्रवेश नाही, त्यामुळे वीस लाख वस्तीच्या शहरातही शेवटचे काही किलोमीटर तितकेच शांत राहतात.

नियोजनाविषयी थोडे. वाट जवळजवळ सगळी डांबरी असल्याने अरुंद टायरची रोड सायकल चालते, पण पूर ओसरल्यानंतर काठच्या वाटेवर काही दिवस गाळ राहतो. मे-जूनमध्ये आल्प्समधले बर्फ वितळते आणि जोराचा पाऊस झाला तर वाट आणि नावा दोन्ही बंद होतात, म्हणून आदल्या दिवशी पाण्याची पातळी पाहून घ्यावी. नावा साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात आणि संध्याकाळी लवकर थांबतात. उजव्या काठावर राहून डाव्या काठावर मुक्काम ठरवला असेल, तर शेवटच्या नावेची वेळ आधी विचारून ठेवावी. व्हिएन्नाहून पासाऊला जलद रेल्वेने अडीच तासांच्या आत परतता येते. सायकलसाठीची जागा मात्र मोजकी असते आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी ती लवकर भरते, त्यामुळे तिचे आरक्षण निघण्यापूर्वीच करावे.