फ्लॉपीत मावणारी पेटी

मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढ्याच नोंदी. म्हणून अख्खं गाणं एखाद्या लहानशा फोटोपेक्षाही कमी जागेत बसतं. आवाज पुरवायचा तो साउंडफाँटने, म्हणजे वाद्यांच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांच्या फाइलने.

१९९१ साली जनरल मिडी या सामायिक मानकाची १२८ वाद्यांची यादी ठरली. त्यात १०५ क्रमांकावर सतार आहे, ११२वर सनई आहे, १२६वर चक्क हेलिकॉप्टर आणि १२८वर बंदुकीची गोळी! पेटी नाही, तबला नाही. २१वर रीड ऑर्गन आहे, म्हणजे संगीत नाटकवाल्यांची सोय झाली. भजनवाल्यांनी काय करायचं? तेव्हा घरच्याच पेटीचा साउंडफाँट करायला घेतला. तयार साउंडफाँट शंभर-शंभर मेगाबाइटचे मिळतात. मला जुन्या फोनवरही कुरकुर न करता चालेल असा हवा होता. १९९४च्या साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई३२ या संगणकाच्या साउंड कार्डावर नमुन्यांसाठी मुळात ५१२ किलोबाइट मेमरी होती आणि लोक त्यात वाद्यवृंद बसवत होते. मग माझी एक पेटी फ्लॉपीत का नाही बसणार?

हिशेब सोपा आहे. सीडीच्या दर्जाचा मोनो आवाज सेकंदाला ८८,२०० बाइट खातो. पेटीच्या पट्ट्या ४२, पण सगळ्या ध्वनिमुद्रित करायची गरज नाही. दर तिसरी पट्टी घ्यायची, शेजारच्या दोघींना तोच आवाज एक स्वर वर-खाली सरकवून द्यायचा. त्याहून जास्त ताणलं की पेटी चिरकते. झाले चौदा नमुने, प्रत्येकी सेकंदभराचा. एकूण साधारण सव्वा मेगाबाइट, म्हणजे जुन्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीत आरामात.

पण सेकंदभराच्या आवाजात लांब आलाप कसा धरायचा? इथे लूप. वाद्य ओळखू येतं ते मुख्यतः सुरुवातीच्या क्षणात. रीड, म्हणजे पेटीच्या आतली पितळी जीभ, हलायला लागतानाची ती किंचित खरखर जपायची. पुढचा स्थिर भाग पट्टी सुटेपर्यंत गोल गोल फिरवायचा. पॉलिफोन या साउंडफाँट बनवायच्या प्रोग्रॅममध्ये आवाजाची लहर इतकी मोठी करून बघायची की एकेक चढउतार दिसेल, आणि शेवटचा बिंदू पहिल्याशी असा जुळवायचा की सांधा ऐकू येऊ नये. जरा चुकलं की दर फेरीला टक्, टक्. पट्टीचे दोन्ही रीड उघडे असले तर आणखी पंचाईत. ते सुरात एकमेकांच्या केसभर मागेपुढे असतात, आवाज हलका डोलतो, आणि लूप त्या डोलण्याच्या पुऱ्या फेऱ्यांवरच कापावा लागतो. मी सरळ एक खटका बंद करून एकाच रीडवर मुद्रण केलं. ऐकताना थोडं किरकिरं वाटतं, पण लूप गुळगुळीत.

एक गंमत फुकटात मिळते. काळी एकचा सा धरला, तर पेटीवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). खऱ्या पेटीत रीड खरवडावी लागेल. इथे एक आकडा बदलला की झालं, जागा जवळपास वाढतच नाही. सा बदलला की मात्र गंधार पुन्हा हलवायचा.

तबल्यात वेगळीच काटकसर. ‘धा’ साठवायचा नाही, ‘ना’ आणि ‘गे’ एकदम वाजवायचे. ‘गे’ आणि ‘क’ एकाच एक्स्क्लुझिव्ह क्लासमध्ये, म्हणजे एका वेळी एकच वाजेल अशा गटात, टाकले की ‘क’ पडताच ‘गे’चा घुमारा तुटतो, अगदी तळहात ठेवल्यासारखा. मात्र मनगटाने डग्ग्याचा सूर चढवणं एवढ्याने येत नाही, त्याची वेगळी सोय करावी लागते.

तंबोऱ्यापाशी सगळी हुशारी संपते. तार छेडल्यापासून विरेपर्यंत जवारीमुळे, म्हणजे घोडीला तार अलगद घासत राहिल्यामुळे, तिचे उपस्वर सारखे बदलत राहतात. स्थिर असा तुकडाच नाही, मग लूप कुठे घालणार? चार तारा, त्यातल्या जोडीच्या, म्हणजे एकाच सुरातल्या दोन तारांपैकी एकच साठवून दुसरी एक-दोन सेंटने हलवली, तरी तीन तारांचे सहा-सहा सेकंद होतातच. दीड मेगाबाइटच्या वर. तंबोरा पेटीपेक्षा जड निघाला आणि फ्लॉपीतही मावेना. तो पाच सेकंदांवर आणून पाहिला, छाटलेला लगेच कळतो. सहाच ठेवले.