स्किमर एकदाचा मार्गी लागला: सहा आठवड्यांचा लॉग

मागच्या अपडेटला म्हणलं होतं की समुद्री टँकच्या पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा नवीन स्किमर आलाय, सविस्तर टाकतो. टाकायला सहा आठवडे लागले कारण पहिले तीन आठवडे मी नुसता व्हॉल्व्ह फिरवत होतो आणि सांगण्यासारखं काही हाताला लागत नव्हतं. आता लागलंय, आणि ते व्हॉल्व्हमध्ये नव्हतंच.

सेटअप थोडक्यात. पुण्यातला फ्लॅट, हॉलमध्ये टँक, डिस्प्ले 90 बाय 45 बाय 45 सेंमी, खाली कॅबिनेटमध्ये तीन कप्प्यांचा सम्प (पाणी साफ करायची खालची टाकी), दगड-वाळू वजा जाता सगळं मिळून पाणी 190 लिटरच्या आसपास. खारटपणा 35 पीपीटी (हजारात 35 भाग), टेंपरेचर 26 वर ठेवायचा प्रयत्न, एप्रिलात दोन क्लिप फॅन चालू. मासे म्हणजे ऑसेलॅरिस क्लाऊनची जोडी आणि एक गोबी, मऊ कोरल म्हणजे झोआ, मशरूम आणि एक लेदर. हार्ड कोरल नाहीत आणि ठेवणारही नाही, आपल्याकडे ते 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्युलमध्ये येतात, त्यामुळे कोणी हळूच फ्रॅग (कोरलचा तुकडा) देऊ केला तरी नको म्हणतो, नव्या लोकांनीही हे आधी माहिती करून घ्या.

आधी टँकच्या काठाला टांगायचा साधा हँग-ऑन स्किमर होता, नायट्रेट (घाण कुजून होतं ते) 25 पीपीएमच्या खाली येतच नव्हतं. म्हणून हा इन-सम्प घेतला, नीडल व्हील पंपवाला, म्हणजे पिनांच्या चक्राने हवेचे बारीक बुडबुडे करणारा, आउटलेटच्या पाइपवर फिरवायचा व्हॉल्व्ह, वर फेस चढायची नळी म्हणजे नेक आणि त्यावर घाण जमायचा कप. मधला कप्पा लाइव्ह रॉकच्या तुकड्यांनी भरलेला होता म्हणून स्किमर सरळ, पाणी परत वर ढकलणाऱ्या रिटर्न पंपाशेजारी, शेवटच्या कप्प्यात ठेवला. सगळी गोची इथेच झाली पण ते कळायला वेळ लागला.

पहिला आठवडा तर सोडूनच द्या. नवीन ॲक्रिलिकवर कारखान्यातलं तेलकट काहीतरी असतंच, फेस कधी धो धो वर येतो कधी दिवसभर येतच नाही. मी लावायच्या आधी व्हिनेगरच्या पाण्यात तासभर चालवून घेतला होता त्यामुळे जरा लवकर सुधारला असेल, पण दोन आठवडे तरी धरूनच चालायचं. या काळात मी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला, म्हणजे आतली पाण्याची लेव्हल सगळ्यात खाली, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या आठवड्यापासून ट्यूनिंग चालू केलं आणि एक विचित्र पॅटर्न दिसायला लागला. सकाळी उठून बघावं तर कप काठोकाठ भरलेला, पाणी कसं तर पातळ, बिनदुधाच्या फिक्या चहासारखं. मग मी व्हॉल्व्ह जरा उघडायचो, ऑफिसला जायचो, संध्याकाळी येऊन बघतो तर फेस नेकच्या पार खाली, कप कोरडा. परत व्हॉल्व्ह जरा बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी परत कप भरलेला. असं दहा-बारा दिवस. एकदा तर रात्रीतून उतू गेला आणि कॅबिनेटच्या प्लायवर खारं पाणी, बायकोने पहाटे पाय ओला झाला म्हणून उठवलं.

त्याच शनिवारी कोल्हापूरहून आण्णा आले. आमच्याकडे पूर्वी गुऱ्हाळ होतं, आण्णांनी वीसेक हंगाम काहिलीवर काढलेत, गुळव्या आला नाही तर स्वतः उभे राहायचे. मी सम्पसमोर मांडी घालून बसलेला, ते मागून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "ही मळीच काढतोस न्हवं?" आणि खरंच तेच आहे की. उसाचा रस तापला की घाण वर येते, भेंडीचं पाणी टाकलं की ती गोळा होते आणि झाऱ्याने काढायची, इथे आच नाही पण हवेचा बुडबुडा तेच काम करतो. पाण्यातली प्रथिनं, चरबी, माशांच्या अंगावरचा बुळबुळीतपणा, यांच्या कणांचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं, ते बुडबुड्याच्या पडद्याला चिकटतं आणि बुडबुड्याबरोबर वर जातं. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत पटकन मिसळत नाहीत, बारीक राहतात, म्हणून समुद्री टँकमध्ये हे जमतं आणि गोड्या पाण्याच्या टँकमध्ये नीट जमत नाही.

आण्णांना मी सांगितलं की दिवसातून दोनदा ॲडजस्ट करतोय तरी बसत नाहीये. ते म्हणाले, "आरं, घटकेघटकेला आच कमी-जास्त केलीस तर गूळ कसा हुईल? आधी हात काढ आणि बघत बस, काय बदलतंय ते."

मग तेच केलं. रविवारी व्हॉल्व्हला हातच लावला नाही. सम्पच्या काचेवर बाहेरून पांढरी चिकटपट्टी उभी लावली, पट्टी घेऊन सेंमीच्या खुणा केल्या आणि दर काही तासांनी पेनाने रेघ आणि वेळ. शनिवारी रात्री टॉप-अप केल्यावर, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर घातल्यावर, साडेदहाला 22.5. सकाळी सातला 21.5. दुपारी तीनला 20. रात्री दहाला 18.5. चार सेंमीचा फरक, चोवीस तासांत! त्या कप्प्याचा तळ 30 बाय 25 आहे, म्हणजे एक सेंमी म्हणजे पाऊण लिटर, चार सेंमी म्हणजे तीन लिटर पाणी रोज उडून जातंय, एप्रिल आणि दोन फॅन म्हणल्यावर जाणारच. आणि सम्पमधलं सगळं बाष्पीभवन दिसतं ते फक्त शेवटच्याच कप्प्यात, कारण आधीच्या कप्प्यांची लेव्हल बॅफलच्या (कप्प्यांमधल्या आडभिंतीच्या) उंचीला कायम असते. स्किमरच्या मॅन्युअलमध्ये 18 ते 20 सेंमी पाण्यात ठेवा असं लिहिलंय. रात्रभर तो 22 मध्ये उभा म्हणून ओला फेस, दिवसभरात पाणी उतरलं की फेसही उतरला. मी व्हॉल्व्हने ज्याच्याशी भांडत होतो ते टॉप-अपचं पाणी होतं.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सगळं हलवलं. मधल्या कप्प्यातले रॉकचे तुकडे निम्मे पहिल्या कप्प्यात सॉकच्या (गाळणीच्या पिशवीच्या) खाली ढकलले, एकदम बाहेर काढले नाहीत कारण त्यावरच्या बॅक्टेरियावर टँक चालतो. मधल्या कप्प्याचं बॅफल 23 सेंमी, स्किमरला हवं 19, म्हणून 4 सेंमीचा स्टँड बनवला, एगक्रेटचे (प्लास्टिकच्या चौकटी जाळीचे) तीन थर झिप टायने बांधून आणि खाली ॲक्रिलिकची पट्टी. स्टँड हलत नाही ना हे दोन्ही हातांनी दाबून बघा, तिरपा बसला तर फेस नेकमध्ये एकाच बाजूने चढतो. शिवाय टॉप-अपला, लेव्हल उतरली की आपोआप पाणी सोडणारा फ्लोट व्हॉल्व्ह लावला, आरओडीआयचं (क्षार काढलेल्या पाण्याचं) कॅन वरच्या फळीवर. हलवल्याचा अजून एक फायदा, डिस्प्लेत जे बारीक बुडबुडे फिरायचे ते दोन दिवसांत गेले.

त्यानंतर व्हॉल्व्ह मी एकूण चार वेळाच फिरवलाय. पद्धत अशी ठेवली: बुडबुड्यांचं पाणी जिथे संपतं आणि खरा फेस सुरू होतो ती रेष नेकच्या तळाशी आणायची, मग पेनाने व्हॉल्व्हवर खूण, आणि पूर्ण एक दिवस थांबायचं. दुसऱ्या दिवशी वाटलं तर थोडंसंच, घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटं सरकावं तेवढं. चौथ्या दिवशी फेस बघण्यासारखा झाला, नेकमध्ये सायीसारखा जाड, फुटताना कडेला तपकिरी वळ सोडत जाणारा, हळूहळू चढतो, काठावर जरा थांबतो आणि मग आत लवंडतो. मी अर्धा तास नुसता बघत बसलो होतो. आता रोज कपात दोन बोटं स्किमेट (फेसातून निघालेली घाण), रंग काळ्या चहाचा, वास वाळवलेल्या जवळ्याच्या वरताण. फार कोरडा काढला तर नेकमध्ये चिखल बसतो आणि काम मंदावतं, मला हा मधलाच बरा वाटतो.

या काळात फेस दोन-तीनदा बिघडला, त्याची कारणं लिहून ठेवतो म्हणजे कोणी उगाच व्हॉल्व्हला हात लावणार नाही. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखं बारीक खाद्य) व्हिटॅमिनच्या तेलकट थेंबात भिजवून घातलं की तीन-चार तास फेस बसतो, आपोआप परत येतो. एक झोआचा फ्रॅग इपॉक्सी पुट्टीने चिकटवला त्या दिवशी उलटं, दोन दिवस कप भरभरून, तेव्हा कप अर्धवट उचलून ठेवला आणि वाट बघितली. नेकला आतून चरबीचा थर बसला की फेस चढत नाही, दर तीन दिवसांनी नेक पुसतो, साबण अजिबात नाही, नुसतं कोमट पाणी आणि जुना ब्रश.

पाचव्या आठवड्यात आवाज बदलला. हवा ओढताना जो बारीक सूं असा आवाज येतो तो दबल्यासारखा झाला आणि फेस पातळ. हवेच्या नळीच्या टोकाला, जिथे ती पंपाला जोडते तिथे, मिठाची पापडी धरली होती, टाचणीएवढं भोक राहिलेलं. नळी काढून कोमट आरओ पाणी ओढू दिलं, एक कप पुरलं, लगेच आवाज मोकळा. आता दर रविवारी करतो.

गुरुवारी लाइट जाते त्याची वेगळी कथा. रिटर्न बंद झाला की डिस्प्लेतलं पाणी खाली येतं आणि सम्प 28 सेंमीपर्यंत चढतो, लाइट आली की स्किमर त्या खोल पाण्यातच चालू होतो आणि उतू जातो. स्किमरच्या प्लगला दहा मिनिटं उशिरा चालू होणारा डिले टायमर लावलाय, तोवर रिटर्नने पाणी वर नेलेलं असतं. हे ज्यांनी केलं नसेल त्यांनी पावसाळ्याच्या आत कराच.

आणि पीएच. एसी लावून दारं बंद केली की रात्री 7.8 दाखवायचा, स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढल्यावर 8.0 च्या खाली जात नाही, खोलीतला कार्बन डायऑक्साइड स्किमर पाण्यात मिसळत होता म्हणून. पण डासांच्या धूरफवारणीची गाडी आली की मी आधी स्किमर बंद करतो. त्या धुरातलं औषध कोळंबी आणि खेकड्यांना फार घातक आहे आणि स्किमर ते सरळ पाण्यात घोळवेल.

आकडे: नायट्रेट 25 वरून आता 10, फॉस्फेट 0.12 वरून 0.09, म्हणजे तिथे फारसा फरक नाही आणि मी धरलाही नव्हता. विरघळलेलं नायट्रेट-फॉस्फेट स्किमर काढत नाही, जे कुजून पुढे नायट्रेट झालं असतं ते आधीच काढतो, तेही सगळं नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीचे केन फेल्डमन यांनी 2009 मध्ये वेगवेगळे स्किमर मोजून बघितले होते, साधारण 20 ते 30 टक्केच सेंद्रिय कार्बन निघत होता. म्हणून पाणी बदलणं बंद केलेलं नाही, दर पंधरा दिवसांनी 20 लिटर चालूच आहे. नायट्रेट 10 च्या खाली ढकलायचा माझा विचार नाही, झोआ आत्ताच छान उघडतायत आणि लेदरने या महिन्यात दोनदा कात टाकून नवीन पॉलिप काढलेत.

पुढच्या रविवारी पंप उघडून इम्पेलर व्हिनेगरमध्ये भिजवणार आहे, पिनांवर पांढरा थर दिसतोय. उघडल्यावर काय निघालं ते फोटोसकट टाकतो. चिकटपट्टी अजून काचेवर तशीच आहे.