ॲ च्या जागी चौकोन दिसतोय? मजकुराला हात लावू नका, आधी फॉन्ट बघा

बाकी सगळं मराठी नीट दिसतं पण ॲडमिशन, ॲप, ॲम्ब्युलन्स असा शब्द आला की पहिल्या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन, जुन्या मशीनवर हे हमखास होतं आणि लोकांना वाटतं फाइल करप्ट झाली. फाइल एकदम ठीक असते हो. 'ॲ' ला युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) जागा मिळाली २००८ मध्ये, ५.१ व्हर्जनला, आणि विंडोज एक्सपी आलं २००१ ला, मग त्याच्यासोबतच्या मंगल फॉन्टमध्ये हे अक्षर असणार कुठून? ₹ चंही तेच, ते चिन्हच मुळात २०१० मध्ये ठरलं.

चौकोन म्हणजे अक्षर आहे, फॉन्टकडे त्याचं चित्र नाही. खात्री करायची तर वर्डमध्ये त्या चौकोनाच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा, ०९७२ हा युनिकोड क्रमांक आला तर तो ॲ च आहे (परत तेच दाबलं की पूर्ववत). पण चौकोनाऐवजी खरीखुरी प्रश्नचिन्हं आली असतील तर मात्र बहुतेक वेळा सेव्ह करतानाच मजकूर गेलेला असतो, तिथे कुठलाही फॉन्ट टाकून उपयोग नाही, मूळ फाइल शोधा.

आता मला खरंच कळकळीने सांगायचंय ते हे, की चौकोन दिसला म्हणून दुसरंच काहीतरी टाइप करून वेळ मारून नेऊ नका. कोणी अ वर नुसता चंद्र देतं, मग काही ठिकाणी मधे ठिपक्यांचं वर्तुळ येतं, ते घालवायला कोणी दोघांच्या मधे न दिसणारा जोडक (अक्षरं जोडणारं चिन्ह, ZWJ) घालतं, कोणी हिंदीतला ऍ वापरतं. दिसायला सगळं साधारण सारखं, पण कॉम्प्युटरसाठी हे वेगवेगळे शब्द आहेत, त्यामुळे यादीत 'ॲडमिशन' शोधलं तर निम्म्या नोंदी सापडतच नाहीत, आणि अशा याद्या पुढे वर्षानुवर्षं वापरल्या जातात, त्या दुरुस्त करायला कोणी बसत नाही.

'दऱ्या' मधल्या त्या आडव्या र चंही असंच आहे. तो दोन प्रकारे टाइप होतो, ऱ ला हलंत देऊन किंवा र, हलंत आणि तोच जोडक, आणि जोडक कॉपी पेस्टमध्ये कुठे गळला तर दऱ्या चा दर्या होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात! म्हणून मी तरी नेहमी ऱ वालाच वापरते.

उपाय सोपा आहे, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त नावाचा फॉन्ट टाका, दोन्ही फुकट आहेत, आणि मजकूर सिलेक्ट करून फॉन्ट बदला. फक्त एक्सपीसारख्या फार जुन्या सिस्टिमवर जोडाक्षरं जुळवायचं काम सिस्टिमही करते, त्यामुळे तिथे एवढ्याने भागेलच असं नाही, अशा वेळी नवीन मशीनवर पीडीएफ करून पाठवलेलं बरं, त्यात फॉन्ट एम्बेड झालाय का, म्हणजे फाइलच्या आतच आलाय का, तेवढं बघा.

आणि कृतिदेव, शिवाजी वगैरे फॉन्टमधल्या जुन्या फाइली हा वेगळाच विषय, त्यात आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि वरून फक्त मराठी चित्रं दिसतात, त्यामुळे त्या आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग ओळ न् ओळ वाचा, जोडाक्षरं आणि रफार तिथे फार चुकतात.