ईएमआय चाचणी आणि चेंबरच्या भिंतीतलं ते पॅनेल: माझा अनुभव

लढाऊ विमानाच्या रडारची माहिती कॉकपिटमधल्या डिस्प्लेपर्यंत पोचवणारं आमचं युनिट तयार होतं. तापमान, कंपन, धक्के या चाचण्या सुरळीत पार पडल्या. अडलो ते ईएमआयला, म्हणजे विद्युतचुंबकीय अडथळ्यांच्या चाचणीला, आणि तेही मोजमापापर्यंत पोचायच्या आधीच. तो राग अजून गेलेला नाही.

मिल-स्टँडर्ड-४६१ या अमेरिकी लष्करी मानकातली आरई-१०२ ही चाचणी युनिट आणि त्याच्या केबल्स हवेत किती नॉइज, म्हणजे नको असलेले रेडिओ सिग्नल, सोडतात ते मोजते, १० किलोहर्ट्झपासून १८ गिगाहर्ट्झपर्यंत. बहुतेक लढाऊ विमानांची रडारं ८ ते १२ गिगाहर्ट्झच्या एक्स बँडमध्ये चालतात, म्हणजे याच पट्ट्यात. लक्ष्याचं अंतर दुप्पट झालं की परत येणारा सिग्नल सोळाव्या हिश्शावर येतो. एवढ्या क्षीण सिग्नलवर कान लावून बसलेल्या रिसीव्हरशेजारी आपलंच युनिट बडबडत असेल तर रडारचा पल्ला घटतो. म्हणून ही चाचणी नावापुरती उरकणं मला मान्यच नव्हतं.

आमचं युनिट १५५३ बसवर, म्हणजे विमानातली उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या डेटा केबलवर, रिमोट टर्मिनल म्हणून काम करतं. टर्मिनल आपणहून बोलत नाही. बस कंट्रोलरने आज्ञा दिली की ४ ते १२ मायक्रोसेकंदांत उत्तर देतं. त्यामुळे कंट्रोलरचा सिम्युलेटर चेंबरबाहेर, म्हणजे रेडिओ लहरी अडवणाऱ्या चाचणीच्या खोलीबाहेर, ठेवून केबल भिंतीतल्या पॅनेलमधून आत न्यावी लागते. लॅबच्या पॅनेलवर कोॲक्स केबलचे कनेक्टर होते, पॉवरचे फिल्टर होते. १५५३ च्या शील्डेड ट्विस्टेड जोडीसाठी (धातूच्या आवरणातल्या, एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांसाठी) काहीच नव्हतं.

पहिलं उत्तर मिळालं, "पॉवर फिल्टरमधून घ्या." ते फिल्टर वरच्या फ्रिक्वेन्सी अडवायलाच बसवलेले असतात, सेकंदाला १० लाख बिटचा सिग्नल त्यातून धड बाहेर पडेल कसा? मग दुसरं उत्तर: "बस बंद ठेवून चाचणी करा, रिपोर्ट मिळेल." यावर मी खरी चिडले. स्टँडर्डमध्ये स्पष्ट लिहिलंय की सगळ्यात जास्त उत्सर्जन होईल त्या मोडमध्ये युनिट चालवून मोजायचं. ते पान उघडून समोर ठेवलं, तेव्हा कुठे पॅनेलवर १५५३ च्या कनेक्टरची ॲडॅप्टर प्लेट बसवायची परवानगी देण्याची भाषा सुरू झाली.

परवानगीचा फॉर्म भरला. ड्रॉइंग मागितलं, दिलं. मग धातू कोणता, ते विचारलं. मग प्लेटची फट बंद करणारं गॅस्केट कोणतं. मग सही करणारे साहेब दौऱ्यावर. दर वेळी एकच शंका, आणि तिच्या उत्तरानंतर पुन्हा शांतता. तोवर आमचा चाचणीचा स्लॉट दुसऱ्याला गेला. शेवटी मी स्वतः जाऊन बसले आणि म्हटलं, "साहेब, सगळ्या शंका एकाच कागदावर लिहून द्या, एकदम उत्तरं देते." तो कागद मिळाला आणि गाडी हलली. हे पहिल्याच दिवशी मागा, ईमेलवर विसंबू नका.

स्लॉट घेण्याआधी पॅनेलचा फोटो मागवा. प्लेटवर केबलचं शील्ड पूर्ण गोलाईने जोडलेलं असू द्या, नुसती शेपटीसारखी वायर काढून जोडलेलं शील्ड वरच्या फ्रिक्वेन्सीला निकामी ठरतं. युनिट बंद ठेवून आधी ॲम्बियंट, म्हणजे चेंबरमधल्या मूळच्या नॉइजचं मोजमाप, घ्यायचं असतं आणि ते मर्यादेच्या किमान ६ डीबी खाली लागतं. आमची प्लेट बसल्यावर ते आरामात खाली आलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. बस पूर्ण चालू ठेवून युनिट पास झालं याचा मला अभिमान आहे.

एक राहिलंच. बसच्या ए आणि बी अशा दोन वाहिन्या असतात, प्लेटवर दोन्हींसाठी कनेक्टर घ्या. टर्मिनेटर (टोकाला लावायचा रेझिस्टर) बसच्या दोन्ही टोकांना लावा. आणि चाचणी संपली की प्लेट परत घेऊन या, आरएस-१०३ च्या, म्हणजे बाहेरच्या रेडिओ लहरींपुढे युनिट नीट चालतं का ते पाहणाऱ्या चाचणीच्या, वेळी आम्ही तीच लावली.