आमची वाटचाल: पाटे, पीळ आणि एक मस्टँग

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या वडिलांनी आणि भट्टीवरच्या मामांनी भागीदारीत सुरू केलेले पाट्यांचे, म्हणजे पोलादी पाने एकावर एक रचून केलेल्या गाड्यांच्या स्प्रिंगांचे, वर्कशॉप आज मी चालवतो. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रकांचे पाटे मोडत आणि आमचे घर चालत असे. त्या वर्षांविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

मामांविषयी मात्र सांगायलाच हवे. ते नात्याने आमचे कोणी नव्हते, घरी तेलुगू बोलत आणि हिशेबाच्या वहीला कधी हात लावत नसत. भट्टीतून लाल पाटा बाहेर आला की तारेला बांधलेला लोहचुंबकाचा तुकडा ते त्याला टेकवून पाहत. साधारण ७७० अंशांच्या पुढे पोलादाला चुंबक चिकटत नाही. तो चिकटेनासा झाला की पाटा आणखी थोडा तापू देऊन ते तेलात सोडत आणि नंतर मंद आचेवर त्याचा ठिसूळपणा उतरवत. पुढे आम्ही तापमापक यंत्र घेतले, तरी तो चुंबक अजून भट्टीशेजारी टांगलेला आहे आणि नव्या कारागिराला मी आधी त्याचाच वापर शिकवतो.

मामा गेले आणि त्यानंतरच्या काळात महामार्गावर एक चकचकीत दुकान उभे राहिले. त्याचे नाव मी घेणार नाही, परंतु सोलापुरातील आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. ट्रकांना कमी पानांचे पॅराबोलिक (मध्ये जाड, टोकांकडे पातळ) पाटे येऊ लागले होते, कारखान्यातून तयार संच मिळत होते आणि हे गृहस्थ ते संच वाहतूकदारांना लांबच्या उधारीवर देत होते. आमचे वाहतूकदार तिकडे गेले, पाठोपाठ आमचे दोन चांगले कारागीर गेले, आणि जुनी उधारी मागायला गेलो की गाड्या उभ्या असल्याचे कारण ऐकून परत यावे लागे. शेवटी कमान मारण्याचा, म्हणजे पाट्याला बाक देण्याचा, हायड्रॉलिक प्रेस विकावा लागला. भंगारवाल्याने तो विकत घेतला आणि आठवड्याच्या आत तो त्याच दुकानात बसवलेला मी डोळ्यांनी पाहिला. त्यानंतर आम्ही घणाने आणि पत्र्याच्या नमुन्यावर कमान मारत तग धरला. धंद्यात नव्याने येणाऱ्यांना माझे सांगणे आहे की वाहतूकदाराला दुसरा संच देण्याआधी पहिल्याचे पैसे वसूल करावेत, मग तो कितीही गोड बोलो.

आम्हाला त्या खड्ड्यातून वर काढले ते द्राक्षबागा असलेल्या एका मालकांनी. ते माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे ग्राहक, आणि त्यांच्याकडे मुंबईहून आणलेली १९६७ ची फोर्ड मस्टँग आहे. ३९० घनइंचांचे व्ही-८ इंजिन, कंपनीने जाहीर केलेली ताकद ३२० अश्वशक्ती आणि पीळ (टॉर्क) ४२७ फूट-पौंड. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि क्राऊन-पिनियन (मागच्या अॅक्सलमधली दातेरी जोडी) यांतून जाताना हा पीळ सात-आठ पट होतो, आणि तो झेलण्यासाठी मागे पाट्यांच्या दोन संचांखेरीज काही नाही. अशा रचनेत पाट्यांना दुहेरी काम असते: गाडीचे वजन पेलायचे आणि अॅक्सललाही जागेवर धरायचे. चाक पुढे फिरू लागले की अॅक्सलचे कवच म्हणजे हौसिंग उलट दिशेने वळू पाहते, पिनियनचे नाक वर उठते, पाट्याचा पुढचा अर्धा भाग नागमोडी वाकतो आणि पुन्हा सुटतो. त्यामुळे मागची चाके रस्त्यावर धडाधड आपटतात. १९६७ च्या शेव्हरोले कॅमारोला एकाच पानाचा पाटा होता आणि तिलाही हाच आजार जडला होता; पुढच्या वर्षी कंपनीने एक शॉकअप अॅक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवून त्यावर उपाय केला.

मालकांनी ही गाडी आधी महामार्गावरच्या त्याच दुकानात दिली होती. तिथे पाटे काढून परदेशातून मागवलेले चार दांड्यांचे, कॉइलओव्हरचे (शॉकअपभोवती गुंडाळी स्प्रिंग असलेले) किट बसवण्यात आले. किट वाईट नव्हते. चार दांड्या अॅक्सलला नेमके धरतात, वेग घेताना मागचा भाग किती खाली बसावा हे जुळवता येते, दांड्या समांतर असतील तर आडवी हालचाल रोखण्यासाठी पॅनहार्ड रॉड किंवा वॉटची जोडणी लावतात. परंतु मस्टँगला वेगळी चेसिस नसते, तिचा पत्र्याचा सांगाडा हीच चेसिस. पाटा असताना वजन पुढच्या आणि मागच्या टोकांवर वाटले जाते; कॉइलओव्हर लावल्यावर ते अॅक्सलच्या वर एकाच आडव्या पट्टीवर येते. ती पट्टी गंजलेल्या पत्र्याला वेल्ड केलेली होती. विजापूर रस्त्यावर पहिल्याच जोराच्या वेगात वेल्डशेजारचा पत्रा फाटला आणि दुकानदाराने दोष गाडीच्या वयाला दिला.

दुसरी अडचण कागदांची होती. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते आणि तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, परंतु गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. फरशी कापून दांड्या जोडलेली गाडी कोणत्या तोंडाने दाखवायची? जॅग्वारचे स्वतंत्र मागचे सस्पेन्शन (दोन्ही चाके वेगवेगळी हलणारे) लावावे असेही कोणी मालकांना सुचवले होते. त्यातही कापाकापी होतीच, शिवाय त्याचे ब्रेक डिफरन्शियलला चिकटून असतात आणि ती उष्णता सोलापूरच्या मे महिन्यात कुठे जाणार, हे सुचवणाऱ्याने पाहिले नव्हते.

मालकांनी मूळ पाटे बागेतल्या शेडमध्ये जपून ठेवले होते. ते माझ्यासमोर टाकून ते एवढेच म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या वडिलांनी काय केलं असतं ते करा." सरसकट जाड पाने घालणे हा सोपा मार्ग झाला असता, पण पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. सहा मिलिमीटरऐवजी सात मिलिमीटरचे पान घातले तर ते सुमारे ५९ टक्के अधिक ताठ होते आणि गाडी बैलगाडीसारखी चालते. म्हणून आम्ही अडीच इंच रुंदीची पाने नव्याने तापवून मूळ कमान दिली, फक्त पुढच्या अर्ध्या भागाखाली एक आखूड पान वाढवले, पुढचे क्लॅम्प घट्ट केले आणि पाने सरकू शकतील इतके मागचे सैल ठेवले. पाट्याच्या पुढच्या डोळ्यात (टोकाच्या गुंडाळीत) कडक बुश, मागच्या शॅकलमध्ये (झुलत्या दुव्यात) रबरी बुश. दोन्हीकडे कडक बुश घातले की वळणावर पाटा अडकतो. अॅक्सलच्या प्लेटपासून पुढच्या डोळ्याखालपर्यंत ट्रॅक्शन बार बोल्टने बसवला, म्हणजे हौसिंग वळू लागले की बार वर टेकतो आणि पाटा वाकत नाही. हे सारे उद्या काढून ठेवता येते. फाटलेला पत्रा आधी नीट जोडून घेतला होता, हे वेगळे सांगायला नको.

पिनियनचा कोन मी स्वतः चुंबकाच्या कोनमापकाने मोजला. पाट्यांच्या गाडीत पिनियन ताकदीखाली वर उठणार असतो, म्हणून उभ्या गाडीत तो दांड्यांच्या गाडीपेक्षा काही अंश अधिक खाली ठेवावा लागतो. त्यासाठी पाट्यावर उताराची पाचर बसते. रबरी बुशाचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावेत आणि यू-बोल्ट थोड्या फेऱ्यांनंतर पुन्हा आवळावेत, हे सांगूनही लोक करत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो.

मालकांची गाडी मूळ पाट्यांवर व्हिंटेज म्हणून नोंदली गेली. तिच्या फोटोवर महामार्गावरचे दुकान अजून स्वतःचे नाव लावते, आणि ते काढावे म्हणून मालकांनी दोनदा फोन केलेला मला माहीत आहे. मालकांमुळे पुण्याहून आणि हैदराबादहून जुन्या गाड्यांचे पाटे आमच्याकडे येऊ लागले, नवा प्रेस आला, गेलेल्या कारागिरांपैकी एक परत आला. गेल्या गड्डा यात्रेच्या सुमारास त्याच दुकानातून एका प्लिमथच्या पाट्यांचा संच दुसऱ्याच्या नावाने कमान मारायला आला. आम्ही काम चोख करून दिले, पैसे आगाऊ घेतले आणि पावतीवर त्या दुकानाचेच नाव लिहिले.