इंजिन काढलं, तेव्हा काय काय गेलं

बापूंची स्प्लेंडर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या कोठ्यावर, कडब्याच्या गंजीला टेकून तीन वर्षं उभी होती. २००१ चं मॉडेल, नंबर एमएच २४ चा, म्हणजे आपल्या लातूरचाच. २०१६ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा पाच वर्षांचं पासिंग वाढवून घेतलेलं. त्याच उन्हाळ्यात लातुरात मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि ही गाडी दोन्ही बाजूंना घागरी बांधून आमच्या शिवारातून गावात पाणी आणत होती. पुढं धूर मारायला लागली, पासिंग संपलं, बापूंनी दुसरी गाडी घेतली. हिच्या सीटवर कोंबड्या बसायला लागल्या.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आम्ही चौघं होतो. एक उदगीरचा, एक अहमदपूरचा, एक निलंग्याचा आणि मी औसा तालुक्यातला. विषय ठरवायला बसलो तर बाकीच्या ग्रुपांनी सोलर ड्रायर आणि पेरणी यंत्रं आधीच पळवलेली. मी म्हटलं, आमच्याकडं एक गाडी पडून आहे, तिला इलेक्ट्रिक करू. गाडी फुकट होती, एवढं एकच कारण. पर्यावरणाचा परिच्छेद नंतर ब्लॅकबुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, लिहिताना घातला.

बापूंनी परवानगी दिली, पण एक प्रश्न विचारला. "इंजिन काढल्यावर गाडीत राहिलं काय म्हनावं?" तेव्हा आम्ही हसलो. पुढचे चार महिने त्याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेले.

इंजिन काढायला दीड तास लागला. इंजिनाचे बोल्ट, सायलेन्सर, कार्बोरेटरचा पाइप, क्लचची केबल, चेन. काढून गोणपाटावर ठेवलं आणि मधल्या रिकाम्या जागेकडं बघून वाटलं, अरे, एवढी जागा! मोटर तर पपईएवढी आहे. मोटर होती ४८ व्होल्ट, दीड किलोवॅट, मिनिटाला ३००० फेऱ्यांची बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेली डीसी मोटर. अहमदपूरच्या पोराच्या मामानं वेल्डिंग करून तिला बसायला पत्र्याचा पाट केला. मोटरच्या शाफ्टवर १४ दातांचं सॉकेट, मागच्या चाकाला ४२ दातांचं. (पुस्तकात स्प्रॉकेट लिहितात, गॅरेजला जाऊन स्प्रॉकेट मागितलं तर माणूस तोंडाकडं बघतो. तिथं चेन-सॉकेटच म्हणायचं.)

हिशोब सोपा होता आणि आम्ही तो अभिमानानं फळ्यावर मांडला. ४२ भागिले १४ म्हणजे तीन. ३००० भागिले तीन, चाकाचे मिनिटाला १००० फेरे. एका फेऱ्यात गाडी साधारण १.८५ मीटर पुढं जाते. म्हणजे ताशी १११ किलोमीटर! निलंग्याचा म्हणाला, हेल्मेट चांगलं घ्यावं लागंल.

ग्राउंडवर नेली. मी बसलो, थ्रॉटल पिळला. गाडी थरथरली, मोटरमधून कण्हल्यासारखा आवाज आला आणि म्हैस उठावी तशी ती हळूहळू हलली. सपाटीवर मागून ढकललं की पळायची. पण वर्कशॉपच्या दारातला रॅम्प, पाच-सहा पावलांचा, तो काही चढेना. तिसऱ्या प्रयत्नाला मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरच्या अॅल्युमिनियमला हात लावला तर चटका बसला.

दोन दिवस आम्ही कंट्रोलरला शिव्या घातल्या. विकणाऱ्याला फोन केले. मग एमआयडीसीत एका लेथवाल्या काकांकडं शाफ्टचं दुसरं काम घेऊन गेलो होतो, त्यांना सहज सांगितलं. त्यांनी गाडी पाहिलीच नाही. नुसतं विचारलं, "पोरांनो, गिअर किती ठेवलेत?"

गिअर? गिअर नाहीत काका, इलेक्ट्रिकला गिअर लागत नाहीत.

"मग घरून निघताना तुझा बाप चौथ्यात गाडी उचलतो का?"

इंजिन काढलं तेव्हा नेमकं काय गेलं ते तिथं कळलं. स्प्लेंडरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असतात. क्लच, चार गिअर, सगळं त्याच अॅल्युमिनियमच्या पोटात. आम्ही इंजिन म्हणून उचललं त्यात वेग कमी करून जोर वाढवणारी सगळी चाकं गेली होती. मागं उरली फक्त चेन, आणि चेन एकटी तीनपट जोर देते. आमची मोटर नेहमीच्या चालीत पावणेपाच न्यूटन-मीटर पीळ देते. त्याच्या तिप्पट चौदा. चाकाची त्रिज्या साधारण तीस सेंटिमीटर धरली, तर जमिनीवर गाडी ढकलायला मिळतो जेमतेम पाच किलोचा जोर. माणसासकट पावणेदोनशे-एकशे नव्वद किलोचं धूड, त्याला पाच किलोनं ढकलायचं! सपाटीवर निभतं, पण शंभर मीटरला पाच मीटरचा साधा चढ आला तरी दुपटीनं जोर लागतो. हे गणित चौघांनाही येत होतं. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत आम्ही असली उदाहरणं सोडवलेली आहेत. पण फळ्यावर १११ लिहिल्यावर पुढचं गणित करायला कुणाचा हात उठला नाही.

लेथवाल्या काकांनी मधला शाफ्ट करून दिला. मोटरवर १२ दात, मधल्या शाफ्टवर ३०, म्हणजे अडीचपट. तिथून पुढं जुनंच, १४ आणि ४२. अडीच गुणिले तीन, साडेसात. वेग कागदावर १११ वरून ४४ वर आला, जोर पाच किलोचा बारा झाला. रॅम्प चढली. आमच्यातल्या सगळ्यात जड पोराला मागं बसवून चढली.

हे लिहायला चार ओळी लागल्या, बसवायला तीन आठवडे. दोन चेन एका रेषेत आणणं म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच विचारावं. पाट दोन मिलिमीटर वाकडा होता म्हणून चेन दर दोन फेऱ्यांनी उतरायची. वॉशर घाल, काढ, पुन्हा घाल. सुतळी ताणून रेष बघायची. एका रात्री उदगीरचा पोरगा वैतागून म्हणाला, आपण सोलर ड्रायरच करायला पाहिजे होता.

बॅटरीची गोष्ट वेगळीच. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३.२ व्होल्ट, ६ अँपिअर-अवरचे ८० सेल घेतले, जाड टॉर्चच्या सेलसारखे दिसतात. पाच-पाच समांतर जोडायचे, असे सोळा गट एकापुढं एक. ५१.२ व्होल्ट, ३० अँपिअर-अवर, म्हणजे दीड युनिटभर वीज. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनं लावली. कागदावर चाळीस किलोमीटर जायला पाहिजे होती, अकरावर बंद पडली. झटक्यात मेली. दहा मिनिटांनी सुरू केली की परत दोनशे मीटर. मल्टिमीटर घेऊन सोळाही गट तपासले, तर नववा गट अडीच व्होल्टवर आणि बाकीचे सगळे तीनच्या वर. त्या गटातले दोन सेल मुळातच मेलेले आले होते. सोळापैकी एकही गट खाली गेला की बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) सगळ्यांचाच पुरवठा तोडतो. जू एक असलं की एक बैल बसला तरी गाडा थांबणारच. सेल घेतानाच प्रत्येकाचा व्होल्टेज मोजून जुळते जुळते गट करायचे असतात. आम्ही खोक्यातून निघतील तसे लावले होते. कुणी करणार असेल तर एवढं एक माझं ऐका.

सेल बदलल्यावर एकट्यानं ४१ किलोमीटर गेली, दोघं बसून ३३.

मग एकेक बाकी गोष्ट समोर यायला लागली. संध्याकाळी हेडलाइट लावायला गेलो तर लागेना. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट इंजिनातल्या मॅग्नेटवर चालतो, म्हणून तर रेस केली की उजेड वाढायचा. मॅग्नेटही इंजिनाबरोबर गोणपाटावर. त्यासाठी ४८ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर आणला. उतारावर थ्रॉटल सोडला की इंजिन गाडीला मागं धरून ठेवायचं, तेही गेलं. शेताकडून तेरणा नदीच्या अंगाला उतरताना हे पहिल्यांदा जाणवलं. हिचे दोन्ही ब्रेक ड्रमचे, त्यांच्यावर पूर्वी एवढा भार कधी आला नव्हता.

आणि सगळ्यात मोठा घोटाळा झाला प्रदर्शनाच्या दिवशी. गाडी टेबलाजवळ उभी, किल्ली लावलेली, आवाज काहीच नाही. पहिल्या वर्षाचा एक पोरगा आला, फोटो काढून घेताना ऐटीत थ्रॉटल पिळला. गाडी स्टँडवरून उडी मारून शेजारच्या ग्रुपच्या ड्रायरवर. पोराला लागलं नाही, ड्रायरची काच गेली, साडेआठशे रुपये आम्ही भरले. पेट्रोलची गाडी चालू आहे की बंद ते आंधळ्यालाही कळतं. ही जिवंत आहे की मेलेली ते सांगणारं काहीच नव्हतं. त्या रात्री साइड स्टँडला कट-ऑफ स्विच आणि हँडलवर लाल दिवा बसवला. खरं तर हे पहिल्या दिवशी करायचं काम.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पहिलाच प्रश्न टाकला: "पासिंगचं काय?" मी नियम वाचून गेलो होतो. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग २५ च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर नोंदणीची गरज नाही. आमची तिन्हींत नापास. जुन्या गाडीला विजेचं किट बसवायचं तर ते किट एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेनं तपासून मंजूर केलेलं लागतं, नंतर आरटीओनं आरसीवर तशी नोंद करायची. चार पोरांनी वॉशर घालून बसवलेल्या मोटरला ते मिळणार नाही, आणि मिळूही नये असं मला आता वाटतं. सर म्हणाले, म्हणजे ही रस्त्यावर येणार नाही? मी म्हटलं, ग्राउंडवर आणि शेतात. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मार्क बरे पडले.

खर्च साधारण ४५ हजार झाला, त्यातली अर्धी रक्कम नुसती बॅटरीत. बापू रोज वीसेक किलोमीटर फिरतात. तेवढ्या पैशात त्यांना तीन वर्षांचं पेट्रोल आलं असतं. हे मी ब्लॅकबुकात लिहिलं नाही.

रिझल्टनंतर गाडी परत गावी आणली, टेंपोत घालून. आमचं गाव भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं, रस्ते शहरासारखे सरळ आणि रुंद. एकदा काढली संध्याकाळी, खोटं कशाला बोलू. पारावरच्या म्हाताऱ्यांनी नुसती मान वळवली. आता ती गावाबाहेरच्या गाडीवाटेनं घर ते आखाडा एवढीच चालते. चार्जिंगला आखाड्यावरची लाइट भरवशाची नाही, म्हणून ओसरीत लावतो. आईची तक्रार एकच, वायर पायात येते.

गोणपाटावरचं इंजिन कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात पडलं होतं, तेही त्याच टेंपोतून आलं. मी भंगारात द्यायच्या विचारात होतो. तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, येऊन बघून गेले. पंधरा दिवसांनी त्यांनी त्याला नवं बोरकिट (सिलिंडर-पिस्टन) टाकलं, लोखंडी अँगलचा सांगाडा केला, दोन लोखंडी चाकं लावली आणि मागं कोळपं जोडलं. पहिल्या गिअरमध्ये टाकून सोयाबीनच्या तासातून, म्हणजे दोन ओळींमधून, चालवतात. माणसाच्या चालीनं जातं, कुठं अडत नाही. चार गिअर आहेत ना पोटात! ना त्यांनी गणित केलं, ना फळा भरला. गावातल्या दोघांनी तसंच करून मागितलंय.

परवा दुपारी त्यांचा फोन आला. अर्ध्या वावरात पेट्रोल संपलं होतं आणि आभाळ भरून आलेलं. घरातला पाच लिटरचा कॅन मी इलेक्ट्रिकच्या टाकीवर दोन पायांत धरला आणि गाडीवाटेनं निघालो. टाकी रिकामीच असते, तिच्यात आता कंट्रोलरच्या वायरी आहेत. बांधावर पोहोचलो तर तात्यांची माझ्याकडं पाठ, त्यांना काही ऐकू आलं नाही. हॉर्न दिला तेव्हा वळले.

"आन लवकर," म्हणाले, "अजून आठ तासं राहिलीत."